आगोटीच्या यादीत खोगीरही लिहा

ताईंनो, मे महिना अर्धा सरला की आपल्याकडे घरोघरी एकच धावपळ असते. मसाला कुटून झाला का, सुकट-बोंबील वाळले का, सरपण आत घेतलं का, कौलं शाकारली का. आगोटीची ही यादी मी तुम्हाला सांगायची म्हणजे कोळणीला मासे ओळखायला शिकवण्यासारखं होईल. पण ज्या घरात घोडा आहे, त्या घराच्या यादीतही एक ओळ सहसा नसते. खोगीर, लगाम, तंग, रिकिबी, झूल हे सगळं सामान पावसाळ्यात कुठे आणि कसं ठेवायचं, ही ती ओळ. या अंकात तेवढ्याच विषयावर लिहिते आहे.

"घोडे? आपल्या गटात?" असं वसई पूर्वच्या ताई विचारतील. एके काळी वसई-विरारला स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे, हे तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. टांगे गेले, रिक्षा आल्या. आता घोडे दिसतात ते किनाऱ्यावर, म्हणजे अर्नाळा, राजोडी, कळंबकडे, शनिवार-रविवारी मुलांना फेरी मारताना. नाहीतर लग्नाच्या वरातीत. मालक किंवा चालवणारा पुरुष असतो, म्हणून हा धंदा पुरुषांचा समजला जातो. पण संध्याकाळी घोडा घरी आल्यावर घामाने ओलं खोगीर उतरवून घेणारी, गादी उन्हात टाकणारी, उसवलेला पट्टा शिवणारी कोण असते? गटाच्या कर्जातून ते सामान घेतलेलं असेल, तर हप्ता कोण भरते?

किनाऱ्याकडच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगते. नाव घेत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. गटातून कर्ज काढून त्यांनी नवीन खोगीर, लगाम आणि वरातीची झूल घेतली. पावसाळा आला तसं सगळं नीट पुसून, प्लास्टिकच्या गोणीत घालून, तोंड घट्ट बांधून माळ्यावर ठेवलं. काळजीनेच ठेवलं होतं. तुळशीच्या लग्नाच्या आधी गोणी उघडली तर चामड्यावर पांढरी-हिरवी बुरशी, कड्यांना गंज, झुलीची जर काळी पडलेली. तंग वरून ठीक दिसत होता म्हणून पुसून वापरायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात किनाऱ्यावर तो तुटला. नशीब की तेव्हा घोड्यावर कोणी बसलेलं नव्हतं. सामान कुजलं, हप्ता मात्र चालूच होता.

चूक कुठे झाली? सामान बांधून ठेवण्यात. आपल्याकडची हवा आधी लक्षात घ्या. एका बाजूला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या पुढे गेला की चामड्यावर बुरशी धरायला लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो बहुतेक दिवस त्याच्या वरच असतो. नेमके हेच महिने सामान पडून राहतं. किनाऱ्यावर गर्दी नसते, आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत वरातींनाही खंड. म्हणजे जेव्हा सामानाकडे कोणी बघत नाही, तेव्हाच ते सगळ्यात जास्त खराब होतं.

त्यात मीठ. घोड्याच्या घामात मीठ, समुद्राच्या पाण्यात मीठ, खाऱ्या वाऱ्यातही मीठ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला कसं पाणी सुटतं ते तुम्हाला माहीत आहे. चामड्यात मुरलेलं मीठही हवेतलं पाणी असंच ओढून घेतं. म्हणून किनाऱ्यावर वापरलेला पट्टा कितीही वाळवला तरी दोन दिवसांनी परत दमट लागतो. आधी मीठ काढायचं, मग वाळवायचं. हा क्रम उलटा झाला की पुढची सगळी मेहनत वाया.

धुणं, वाळवणं, तेल लावणं

रोजचं काम थोडं आहे. घोडा परत आला की तोंडातली लोखंडी कडी गोड्या पाण्याने धुवायची. तिच्यावर वाळलेली लाळ आणि चारा दुसऱ्या दिवशी ओठांच्या कोपऱ्यांना घासतो. तंग आणि लगामाचे पट्टे ओल्या फडक्याने पुसायचे. खोगिराखालची कापडी गादी झटकायची, कारण वाळूचे कण राहिले तर ती गादी पाठीवर काचकागदासारखी चालते. मग गादी उन्हात, चामडं सावलीत. हा फरक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कापडाला ऊन चांगलं. चामड्याला कडक ऊन किंवा चुलीची धग लागली की ते आकसतं, ताठ होतं आणि मग चिरा पडतात. पटकन वाळावं म्हणून चुलीजवळ टांगलेला लगाम बाहेरून सुका दिसतो आणि आतून मेलेला असतो.

आगोटीचं काम मोठं, त्याला दोन-तीन दिवस द्या आणि पहिल्या पावसाच्या आधी द्या. सगळ्या बकला सोडा. पट्टा बकलेत अडकवून साफ केला तर वळलेल्या जागची घाण तिथेच राहते आणि तुटतो तो तिथेच. साबण ग्लिसरीनचा घ्या, तो पारदर्शक अंगाचा साबण मिळतो तोही चालतो. कपड्याची पावडर, धुण्याचा सोडा नको, त्याने चामड्यातलं तेल निघून जातं. फडकं पिळून घ्या, साबण लावा, घासा, मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा. बादलीत बुडवून ठेवायचं नाही. वाऱ्याला, सावलीत वाळू द्या.

पूर्ण कोरडं व्हायच्या जरा आधी, हाताला गार लागतं तेव्हा, तेल लावायचं. कुठलं तेल, यावर मला प्रत्येक घरात वेगळं उत्तर मिळालं. परदेशात बैलाच्या खुराच्या हाडांचं तेल वापरतात. आपल्याकडे एरंडेल सोपं आणि चांगलं, लवकर खवटत नाही. खोबरेल घरात असतंच म्हणून लावतात, पण ते थंडीत थिजतं, पुढे खवट होतं आणि वासाने उंदीर-झुरळं येतात. जवसाचं तेल अजिबात नको. ते वाळून कडक होतं. आणि कुठलंही तेल असो, बोटाला घेऊन चोळायचं, लोणच्यासारखं मुरवायचं नाही. जास्त तेलाने पट्टा मऊ पडून लांबतो, शिवणीचा दोरा कुजतो. लावल्यावर एक दिवस थांबा, वर राहिलेलं पुसून टाका.

बुरशी आधीच धरलेली असेल तर सामान अंगणात न्या, नाकातोंडाला पदर बांधा, सुक्या फडक्याने झटका. मग जखमेसाठी मिळतं ते स्पिरिट आणि पाणी सारखं घेऊन, आधी एका कोपऱ्यात लावून बघा. रंग गेला नाही तर सगळीकडे पुसा. वापरलेलं फडकं परत घरात आणू नका. स्पिरिट लावलेलं चामडं कोरडं पडतं, त्यामुळे नंतर तेल द्यावंच लागतं.

रेक्झिन आणि नायलॉनचं सामान आता जास्त दिसतं, स्वस्त आहे म्हणून. ते साबणाच्या पाण्याने सरळ धुवा. त्याला बुरशीपेक्षा उन्हाची भीती जास्त. वर्षभर उन्हात राहिलेली नायलॉनची पट्टी चांगली दिसते आणि झटक्यात तुटते. रंग फिका पडून हाताला खरखरीत लागली की बदला.

तंग, रिकीब आणि खोगीरभरती

सगळं सामान सारखं महत्त्वाचं नाही. झुलीची जर काळी पडली तर वरात थांबत नाही. तंग तुटला तर बसलेलं मूल खाली येतं. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा, ज्याच्यावर अख्खं खोगीर टिकतं. आगोटीला आणि परत हंगाम सुरू करताना तो असा तपासा: पट्टा उलटा वाकवा, वरच्या बाजूला बारीक चिरा दिसतात का बघा. भोकं गोल आहेत का लांबट झालीत ते बघा. लांबट झाली म्हणजे तिथून फाटणार. शिवणीवरून नख फिरवा, एखादा टाका सुटला तर लगेच शिवा. मग एकीने एक टोक धरा, दुसरीने दुसरं, आणि जोर लावून ओढा. खोगिराच्या ज्या पट्ट्याला तंग अडकतो तोही असाच बघायचा. तो झाकलेला असतो म्हणून विसरला जातो. शंका आली तर पट्टा बदला. घरातले म्हणतील अजून एक हंगाम निघेल. त्यांना विचारा, त्या घोड्यावर आपलं मूल बसवाल का?

रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी. तिचे दोन पट्टे दर महिन्याला डावा-उजवा अदलाबदल करा. चढणारा डावीकडून चढतो, त्यामुळे डावा पट्टा लांबत जातो आणि बसणारा एका बाजूला कलतो. कडी पायाच्या रुंदीपेक्षा साधारण इंचभर रुंद असावी. किनाऱ्यावर मोठ्या माणसाच्या रिकिबीत लहान मुलाचा पाय घालतात, तो आरपार जातो. मूल पडलं तर पाय अडकून फरफटत जाईल. लहान मुलांसाठी छोट्या रिकिबींचा वेगळा जोड ठेवावा, असं मला ठामपणे वाटतं.

आता खोगीरभरती. बिनकामाच्या भरीला आपण हा शब्द वापरतो. कार्यक्रमात उगाच चार भाषणं घुसवली की म्हणतो, नुसती खोगीरभरती. खोगिरात चिंध्या, गवत, काय हाताला येईल ते कोंबायचे, त्यावरून तो शब्द आला. पण घोड्याला विचाराल तर खोगिरात तीच गोष्ट सगळ्यात मोलाची. बसणाऱ्याचं वजन पाठीच्या कण्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या मांसावर पसरावं, हे काम त्या भरतीचं. चिंध्यांचे गोळे झाले, कापूस दबून दगड झाला, की वजन एकाच ठिकाणी पडतं आणि पाठीला फोड येतो. फोडावर परत खोगीर, मग जखम, आणि घोडा कित्येक आठवडे घरी. खोगीर साफ असो नसो, पाठीला जखम झाली की कमाई बंद.

भरती बिघडली हे घोडाच दाखवतो. फेरीनंतर खोगीर उतरवल्यावर पाठ नीट बघा. घामाने सारखी ओली असेल तर ठीक. ओल्या भागात मधेच एखादा सुका चट्टा दिसला, तर तिथे दाब जास्त पडतोय. काळ्या-तांबड्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात ना, ती बहुतेक वेळा जुन्या दाबाची खूण असते, जन्मखूण नव्हे. आगोटीला खोगिराची खालची शिवण उसवून भरती बाहेर काढा, कापूस पिंजून, ऊन देऊन सारखा भरा. भरताना हाताने चाचपत जा, आणि मधोमध, कण्याच्या वर, दोन बोटं जाईल अशी पोकळी राहू द्या.

हे काम मोचीच करू शकतो असं समजू नका. ज्या बाईला गोधडी घालता येते, तिला कुठे थर जास्त झाला, कुठे गाठ राहिली, हे बोटांनाच कळतं. खोगिराखालची गादी तर गोधडीच आहे. जुन्या सुती साड्यांचे थर, जवळजवळ टाके, आणि पाठीला लागणाऱ्या बाजूला जाड शिवण किंवा गाठ नको. सिंथेटिक साडी वापरू नका, ती घाम शोषत नाही. प्रत्येक घोड्याला दोन गाद्या हव्यात, एक वापरात आणि एक वाळत.

ठेवायचं कुठे

तबेल्यात नाही. घोड्याच्या मुताच्या उग्र वासाने चामडं, दोरा आणि पितळ तिन्ही खराब होतात. चुलीवरच्या माळ्यावर नाही, ओल येणाऱ्या भिंतीला टेकून नाही, युरियाच्या गोणीजवळ किंवा फवारणीच्या औषधाजवळ तर मुळीच नाही. ते औषध खोगिराला लागलं तर घोड्याच्या कातडीतून आत जातं. घरातला वारा खेळणारा कोपरा द्या. जमिनीपासून दोन फूट उंच, भिंतीपासून हातभर लांब.

खोगीर जमिनीवर उभं करू नका, एकावर एक रचू नका. दोन फळ्या घराच्या छपरासारख्या जोडून घोडी बनवा आणि त्यावर खोगीर पाठीवर असतं तसंच ठेवा. लगाम खिळ्याला अडकवू नका. खिळ्यावर पट्टा एकाच जागी दुमडतो आणि तिथे चिरतो. भिंतीला रिकामा पत्र्याचा डबा किंवा माडाच्या ओंडक्याचा गोल तुकडा ठोका आणि त्यावर टांगा. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, या तिन्हीचं उत्तर एकच, ते लहानपणी सगळ्यांनी ऐकलंय. पट्टा का चिरला याचंही तेच.

झाकायला जुनी सुती साडी. प्लास्टिक नाही, ताडपत्रीही नाही. उंदरांना घामाचं खारट चामडं आवडतं, हे आणखी एक कारण आधी धुऊन ठेवण्याचं. कडुनिंबाचा सुकलेला पाला कापडांमध्ये घाला. डांबराच्या गोळ्या घालणार असाल तर मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. आणि मग विसरू नका! पावसाने उघडीप दिली की साडी काढा, सुक्या फडक्याने पुसा, पट्टे वळवून वेगळ्या बाजूने टांगा. तारीख लक्षात राहत नसेल तर दर दुसऱ्या गटबैठकीच्या दिवशी करा, म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा आपोआप होईल.

वरातीच्या सामानाला पैठणीचा नियम लावा. जरीची झूल मलमलीत गुंडाळायची, घडी दर महिन्याला बदलायची, अत्तराचा फवारा मारायचा नाही. दिव्यांच्या माळा असतील तर सेल काढून ठेवा, सेल फुटून आतलं पाणी कापड जाळतं. पितळी घुंगरं चिंचेने लख्ख होतात, पण ती चामड्यावरून सोडवून घ्या आणि स्वच्छ धुऊन, सुकवूनच परत बांधा.

साफ करताना एक वस्तू मात्र सांभाळून ठेवूच नका: काटेरी लगाम. आतून टोकं असलेली ती कडी घोड्याचं तोंड आणि जीभ फाडते. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यात घोडा चालवताना काटेरी कडी वापरायला मनाई आहे. तरी वरातीच्या गोंगाटात घोडा आवरावा म्हणून ती सर्रास घालतात. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवल्या, तेव्हा घोड्यांचे हाल हाच तक्रारीचा मुद्दा होता. आपल्या किनाऱ्यावरचा धंदा टिकवायचा असेल तर घोड्याचं तोंड आणि पाठ लोकांना दाखवता आली पाहिजे.

एका घोड्याचा खरारा, गादी, तोबरा दुसऱ्याला वापरू नका. गजकर्ण असंच पसरतं, आणि घोड्यावरून आपल्या अंगावरही येतं. गंजलेल्या कडीने किंवा खिळ्याने जखम झाली तर थांबू नका. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. पशुसखीला कळवा किंवा १९६२ या नंबरवर फोन करा, फिरतं पशुवैद्यकीय पथक त्यावर बोलावता येतं.

आणि एक हिशेबाची गोष्ट. शिवकाळात दोन प्रकारचे घोडेस्वार होते. ज्याला घोडा आणि सामान सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा, स्वतःचं सामान घेऊन येई तो शिलेदार. पावसाळ्यात फौज छावणीला परतायची, घोड्यांसाठी दाणा, औषधं, गवताने शाकारलेली घरं आधीच तयार ठेवायची, असं सभासदाच्या बखरीत आहे. म्हणजे आगोट त्यांनाही चुकली नव्हती. आपल्या घरांत मात्र असं दिसतं की घोडा नवऱ्याच्या नावावर, सामानाची पावती दिराच्या नावावर आणि कर्ज तेवढं ताईंच्या नावावर. ताई ना बारगीर, ना शिलेदार! गटातून सामानासाठी कर्ज देताना खोगीर, लगाम, तंग, झूल यांची वेगळी यादी वहीत लिहा, पावती कर्ज घेणारीच्या नावाने घ्या. पुढे सामान विकलं, भाड्याने दिलं, तर त्या पैशांवर तिचा हक्क सांगायला कागद हातात राहील.

जूनच्या बैठकीत आपण एक गादी शिवून बघणार आहोत. ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी पाठीचं माप सुतळीने घेऊन यावं, खांद्याच्या उंचवट्यापासून खोगीर संपतं तिथपर्यंत, आणि दोन्ही बाजूंना खाली किती उतरवायची तेही. ज्यांच्याकडे घोडा नाही त्यांनी जुनी सुती साडी आणावी. मी स्वतः आजपर्यंत घोड्यावर बसलेली नाही आणि माझी गोधडी वाकडी येते, त्यामुळे टाके घालायला तुम्हीच लागाल.